पायथागोरसची त्रिकुटं: पाठ न करता शोधण्याची रीत

दहावीच्या भूमितीत पायथागोरसचं प्रमेय सुरू झालं की वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी येते: ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५. प्रत्येक ओळीत तीन नैसर्गिक संख्या, आणि लहान दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे मोठीचा वर्ग: हेच त्रिकूट. मुलं ही यादी घोकतात, चाचणीपुरती ती लक्षातही राहते. मग एखाद्या प्रश्नात २८ आणि ५३ येतात. यादीत ते नसतात आणि मूल थांबतं. घरी अभ्यास घेणारे आईवडीलही तिथेच थांबतात, कारण त्यांनीही आपल्या काळात यादीच पाठ केलेली असते.

मुलांना गणित शिकवताना हे इतक्यांदा पाहिलं की शेवटी यादी देणंच मी बंद केलं. या यादीतली प्रत्येक ओळ एकाच छोट्या समानतेतून निघते. ती हातात आली की त्रिकूट तपासता येतं, नवं तयार करता येतं आणि दिलेल्या बाजूची सगळी त्रिकुटं एकही न सोडता शोधता येतात. दहावीचे विद्यार्थी, त्यांचे पालक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि प्लॉटची आखणी स्वतः तपासू पाहणारे, या सगळ्यांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत. क्रमाने जा. दुसरी पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आधी जवळ काय हवं

- १ ते ३० या संख्यांचे वर्ग. तीसपर्यंत जमत नसेल तर निदान वीसपर्यंत तोंडपाठ हवेत.
- एखाद्या संख्येच्या अवयवांच्या जोड्या पाडण्याचा सराव. १४४ म्हणजे २ × ७२, ४ × ३६, ६ × २४, ८ × १८ हे न अडखळता यायला हवं.
- वही आणि पेन्सिल. गणकयंत्र फक्त शेवटी पडताळ्यासाठी घ्या, आधी घेतलंत तर अवयव दिसतच नाहीत.
- जमिनीवर आखणी करायची असेल तर पोलादी टेप, न ताणणारी सूतदोरी, चार-सहा खुंट्या आणि फक्की.

१. कर्ण कोणता, ते आधी ठरवा

काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण, आणि तीच सर्वांत मोठी. तीन संख्या दिल्या असतील तर त्यांचा क्रम पाहू नका, सर्वांत मोठी संख्या वेगळी काढा. प्रश्नात (३, ५, ४) असं मुद्दाम उलटसुलट दिलेलं असतं. घाईत ३² + ५² करून ‘त्रिकूट नाही’ असं लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात.

आणखी एक सापळा इथेच आहे. ‘काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ३ आणि ५ आहेत, तिसरी काढा’ असं वाचलं की हात आपोआप ४ लिहितो. काटकोन नेमका कुठे आहे ते पाहिल्याशिवाय लिहू नका. ५ हा कर्ण असेल तरच तिसरी बाजू ४. काटकोन करणाऱ्या बाजूच ३ आणि ५ असतील तर कर्ण √३४ येतो, आणि तो पूर्ण संख्या नाही.

२. ही एक समानता मनात बसवा

प्रमेय सांगतं: एका बाजूचा वर्ग + दुसऱ्या बाजूचा वर्ग = कर्णाचा वर्ग. यातली एक बाजू पलीकडे नेली आणि वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पाडले की मिळतं:

(कर्ण − एक बाजू) × (कर्ण + एक बाजू) = दुसऱ्या बाजूचा वर्ग

दहावीच्या आधीच बीजगणितात शिकवलेलं सूत्र आहे हे, नवीन काही नाही. पण भूमितीच्या तासाला ते कुणाला आठवत नाही. ५-१२-१३ घ्या. १३ − १२ = १, १३ + १२ = २५, गुणाकार २५, म्हणजे ५². आता दुसऱ्या बाजूने: १३ − ५ = ८, १३ + ५ = १८, गुणाकार १४४, म्हणजे १२². दोन्हीकडून जुळतं. आपल्याला माहीत असलेल्या दोन-तीन त्रिकुटांवर हे करून पाहा आणि मगच पुढे या.

३. त्रिकूट तपासताना मोठे वर्ग करत बसू नका

(२०, २१, २९) हे त्रिकूट आहे का? ४०० + ४४१ आणि ८४१ असं करता येतं, पण २९ − २१ = ८, २९ + २१ = ५०, ८ × ५० = ४०० हे तोंडी होतं. ४०० म्हणजे २०². झालं.

मघाचं २८ आणि ५३ पाहा. कर्ण ५३, एक बाजू २८. ५३ − २८ = २५, ५३ + २८ = ८१. गुणाकार करूच नका. २५ चं वर्गमूळ ५, ८१ चं ९, म्हणून तिसरी बाजू ५ × ९ = ४५. कर्ण ८५ आणि बाजू ३६ असेल तर ४९ आणि १२१, म्हणून ७ × ११ = ७७. मुलांच्या चेहऱ्यावरची भीती उतरते ती इथे, म्हणून या पायरीवर मी मुद्दाम वेळ घालवतो.

रीत किती दूरवर चालते ते पाहायचं तर प्लिम्प्टन ३२२ नावाची मातीची पाटी घ्या. ती बाबिलोनी आहे, इसवी सनापूर्वी सुमारे १८०० च्या काळातली, आणि आज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे. तिच्यावरच्या पंधरा ओळींत काटकोन त्रिकोणांची एकेक लहान बाजू आणि कर्ण कोरलेले आहेत. पहिल्या ओळीत ११९ आणि १६९ आहेत: १६९ − ११९ = ५०, १६९ + ११९ = २८८, गुणाकार १४,४००, म्हणजे १२०². चौथ्या ओळीतल्या १२,७०९ आणि १८,५४१ या जोडीची तिसरी बाजू १३,५०० येते. पडताळा घ्या: १८,५४१ − १३,५०० = ५,०४१ = ७१², १८,५४१ + १३,५०० = ३२,०४१ = १७९², आणि ७१ × १७९ = १२,७०९. जवळपास चार हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आपल्या वहीत दोन ओळींत पडताळून होतो.

नकार द्यायचा असेल तर त्याहूनही सोपी खूण आहे. त्रिकुटातल्या तिन्ही संख्यांची बेरीज नेहमी सम असते. (१४, १८, २३) ची बेरीज ५५, विषम, म्हणजे ते त्रिकूट नाही आणि पुढे काही करायचं कारण नाही. उलट मात्र खरं नाही. (६, ७, ९) ची बेरीज २२, सम आहे, तरी ते त्रिकूट नव्हे. बेरीज सम आली तर तपासणी करायचीच.

परीक्षेत लिहिताना मात्र ही तोंडी रीत कच्च्या कामात ठेवा. उत्तरात तिन्ही वर्ग, लहान दोन वर्गांची बेरीज आणि ‘पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासानुसार’ हे शब्द आले पाहिजेत. नुसतं ‘त्रिकूट आहे’ लिहिलं तर पायऱ्यांचे गुण जातात.

४. एका संख्येवरून झटपट त्रिकूट

विषम संख्या असेल तर तिचा वर्ग करा आणि तो लागोपाठच्या दोन संख्यांत वाटा. ७² = ४९ = २४ + २५, म्हणून ७-२४-२५. ९² = ८१ = ४० + ४१, म्हणून ९-४०-४१. ११² = १२१ = ६० + ६१.

हे का चालतं ते दुसऱ्या पायरीत आहे. कर्ण आणि एक बाजू यांत १ चा फरक ठेवला की समानतेत फक्त त्यांची बेरीज उरते, आणि ती बेरीज म्हणजेच दुसऱ्या बाजूचा वर्ग.

सम संख्या असेल तर तिचा वर्ग निम्मा करा आणि तो २ च्या फरकाने दोन संख्यांत वाटा. ८² = ६४, निम्मे ३२ = १५ + १७, म्हणून ८-१५-१७. १२² = १४४, निम्मे ७२ = ३५ + ३७.

म्हणजे ३ पासून पुढची प्रत्येक संख्या कोणत्या ना कोणत्या त्रिकुटात बाजू म्हणून बसते. १ आणि २ बसत नाहीत. करून पाहिलंत तर एक बाजू शून्य होते किंवा अपूर्णांक येतो.

५. दिलेल्या बाजूची सगळी त्रिकुटं काढा

चौथ्या पायरीत एका संख्येला एक त्रिकूट मिळालं. पण तेवढंच असतं असं समजू नका. काटकोन करणारी एक बाजू १२ असलेली त्रिकुटं किती? इथे खरी मजा आहे.

१२² = १४४. याच्या अवयवांच्या जोड्या लिहा. लहान अवयव म्हणजे (कर्ण − दुसरी बाजू), मोठा अवयव म्हणजे (कर्ण + दुसरी बाजू). दोघांची बेरीज करून निम्मी केली की कर्ण, वजाबाकी करून निम्मी केली की दुसरी बाजू.

२ × ७२ घेतलं तर कर्ण ३७, बाजू ३५.
४ × ३६ घेतलं तर कर्ण २०, बाजू १६.
६ × २४ घेतलं तर कर्ण १५, बाजू ९.
८ × १८ घेतलं तर कर्ण १३, बाजू ५.

१२ × १२ सोडा, त्यात दुसरी बाजू शून्य येते. १ × १४४, ३ × ४८ आणि ९ × १६ याही जोड्या सोडा, कारण त्यांतला एक अवयव विषम आणि दुसरा सम आहे. निम्मे केले की अर्धे उरतात. ३ × ४८ मधून १२, २२.५, २५.५ मिळतं. त्रिकोण काटकोनच आहे, पण बाजू पूर्ण नाहीत.

तर १२ ची त्रिकुटं चारच: ५-१२-१३, ९-१२-१५, १२-१६-२०, १२-३५-३७. पाचवं सापडणार नाही याची खात्री आहे, कारण १४४ ला आणखी जोडीच नाही. अशी खात्री कुठलीही पाठ केलेली यादी देत नाही.

असंच १५ चं करा. २२५ च्या जोड्या १ × २२५, ३ × ७५, ५ × ४५, ९ × २५. त्यांतून ११२ व ११३, ३६ व ३९, २० व २५, ८ व १७ मिळतात.

आता बौधायनाच्या शुल्बसूत्रातली यादी पाहा. यज्ञवेदी आखण्यासाठी लिहिलेल्या या इसवी सनापूर्वीच्या ग्रंथात प्रमेय सांगून झाल्यावर बाजूंच्या सहा जोड्या दिल्या आहेत: ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४, १२ व ३५, १५ व ३६. बारा दोनदा आणि पंधराही दोनदा. आपण आत्ता काढलेल्या जोड्यांतल्याच या चार आहेत. शेवटची १५ व ३६ लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत लागेल.

एक बारीक गोष्ट: विषम मूळ संख्या काटकोन करणारी बाजू असेल तर त्रिकूट एकच मिळतं, कारण तिच्या वर्गाला १ ची जोडी सोडून दुसरी कामाची जोडी नसते. ७ चं फक्त ७-२४-२५. १३ चं बाजू म्हणून फक्त १३-८४-८५. पण १३ हा ५-१२-१३ मध्ये कर्ण म्हणूनही येतो. प्रश्नात ‘बाजू’ म्हटलंय की ‘कर्ण’, ते नीट वाचा.

६. हवी तेवढी नवी त्रिकुटं तयार करा

पाठ्यपुस्तकातलं सूत्र असं: म आणि न या नैसर्गिक संख्या, म मोठी. मग म² + न², म² − न² आणि २मन हे त्रिकूट. म = २, न = १ घेतलं की ५, ३, ४. म = ३, न = २ घेतलं की १३, ५, १२.

माझ्या मते मुलांना याहून सोपी पडते ती पुढची रीत. दोन विषम संख्या घ्या, ज्यांना १ सोडून सामाईक अवयव नाही. समजा ५ आणि ७. गुणाकार ३५. वर्ग २५ आणि ४९: त्यांच्या फरकाचं निम्मं १२, बेरजेचं निम्मं ३७. त्रिकूट १२-३५-३७. तसंच ३ आणि ७ घेतले तर २१, २०, २९. ५ आणि ९ घेतले तर ४५, २८, ५३. तिसऱ्या पायरीत कर्णातून बाजू वजा करताना पूर्ण वर्ग का मिळत होते, ते आता कळेल. तिथे आपण हीच रीत उलटी चालवत होतो.

३-४-५ सारख्या, तिन्ही संख्यांना सामाईक अवयव नसलेल्या त्रिकुटाला आपण मूळ त्रिकूट म्हणू. त्याला कोणत्याही संख्येने गुणलं की पटीतलं त्रिकूट मिळतं: ६-८-१०, ९-१२-१५, ३०-४०-५०. मूळ त्रिकुटात कर्ण आणि सम बाजू यांची वजाबाकीही पूर्ण वर्ग असते आणि बेरीजही. ३७ − १२ = २५, ३७ + १२ = ४९. ही खूण विसरू नका.

आता पाठ्यपुस्तकातल्या सूत्राबद्दल सावध करतो. त्यातून तयार होणारं प्रत्येक उत्तर त्रिकूट असतं, पण प्रत्येक त्रिकूट त्यातून तयार होत नाही. ९-१२-१५ साठी म आणि न शोधून पाहा. म² + न² = १५ व्हायला हवं, आणि १५ ही दोन वर्गांची बेरीज होतच नाही. बौधायनाची १५ व ३६ ही जोडीही अशीच: कर्ण ३९, आणि ३९ दोन वर्गांत वाटता येत नाही. ही दोन्ही त्रिकुटं खरी आहेत, फक्त ३-४-५ आणि ५-१२-१३ यांची तिप्पट आहेत. म्हणून सूत्रात बसत नाही एवढ्यावरून ‘त्रिकूट नाही’ असा निष्कर्ष काढू नका. आधी तिन्ही संख्यांचा मसावि काढून भाग द्या, मग सूत्र लावा.

उलटी खबरदारीही घ्या. फक्त मूळ त्रिकुटंच हवी असतील तर म आणि न यांना सामाईक अवयव नको आणि त्यांतली एक सम, एक विषम हवी. म = ३, न = १ घेतलं की १०, ८, ६ येतं, ते ३-४-५ ची दुप्पट आहे.

१०० च्या आत कर्ण असलेली मूळ त्रिकुटं एकूण १६ आहेत. पडताळ्यासाठी देतो, घोकण्यासाठी नाही:

३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५, २०-२१-२९, १२-३५-३७, ९-४०-४१, २८-४५-५३, ११-६०-६१, १६-६३-६५, ३३-५६-६५, ४८-५५-७३, १३-८४-८५, ३६-७७-८५, ३९-८०-८९, ६५-७२-९७.

७. कर्ण दिला असेल तर

बाजू म्हणून ३ पासूनची प्रत्येक संख्या चालते, कर्णाचं तसं नाही. कर्णाचे मूळ अवयव पाडा. त्यांत ४ ने भागल्यावर बाकी १ उरते असा एखादा अवयव (५, १३, १७, २९, ३७ असे) असेल तरच त्रिकूट मिळतं. २१ चे अवयव ३ आणि ७, दोघांची बाकी ३. म्हणून २१ कर्ण असलेलं त्रिकूट नाही, शोधत बसू नका. ३९ मध्ये १३ आहे, म्हणून आहे. ६५ मध्ये ५ आणि १३ दोन्ही आहेत, म्हणून चार मिळतात: १६-६३, ३३-५६, २५-६० आणि ३९-५२.

८. उत्तर बरोबर आहे का, याच्या खुणा

मूळ त्रिकुटात कर्ण नेहमी विषम असतो. उरलेल्या दोन बाजूंपैकी एक सम, एक विषम, आणि सम बाजूला ४ ने भाग जातो. काटकोन करणाऱ्या एका बाजूला ३ ने भाग जातो आणि तिघांपैकी एकीला ५ ने. ११-६०-६१ मध्ये ही सगळी कामं एकटी ६० करते.

पटीतल्या त्रिकुटांसह सगळ्यांनाच लागू पडणारी खूण म्हणजे क्षेत्रफळाला ६ ने भाग जातो. आणि अंतर्वर्तुळाची त्रिज्या नेहमी पूर्ण संख्या येते: काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या बेरजेतून कर्ण वजा करून निम्मे करा. ३-४-५ साठी १, ५-१२-१३ साठी २, ८-१५-१७ साठी ३. प्रश्न तयार करणाऱ्या शिक्षकांना ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण अंतर्वर्तुळाचं उदाहरण त्रिकुटावर बेतलं की उत्तर स्वच्छ येतं.

९. लीलावतीतली तीन उदाहरणं याच समानतेने सोडवा

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला, लीलावती हा त्याचाच भाग. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. आपल्या मुलांनी ही उदाहरणं एकदा तरी सोडवावीत असं मला मनापासून वाटतं, आणि तेही सूत्र न शोधता.

पहिलं: ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुडापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. किती उंचीवर मोडला? मोडून पडलेला भाग हा कर्ण, उभा राहिलेला भाग ही बाजू, दोघांची बेरीज ३२. दुसरी बाजू १६, वर्ग २५६. २५६ ÷ ३२ = ८ हा त्यांतला फरक. म्हणून कर्ण २०, आणि वेळू १२ हातांवर मोडला.

दुसरं: ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे. २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरपी झेप घेतो, आणि दोघंही सारखंच अंतर जातात. बिळापासून किती हातांवर गाठ पडते? मोराची झेप हा कर्ण. सापही तेवढंच अंतर चालला, म्हणून कर्ण आणि बिळापर्यंत उरलेलं अंतर मिळून २७. ८१ ÷ २७ = ३. कर्ण १५, गाठ १२ हातांवर.

तिसरं: तळ्यातल्या कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात दिसते. वाऱ्याने झुकून ती २ हातांवर पाण्यात बुडते. पाणी किती खोल? देठाची लांबी हा कर्ण, खोली ही बाजू, फरक अर्धा हात. ४ भागिले अर्धा म्हणजे ८, ही त्यांची बेरीज. खोली पावणेचार हात, देठ सव्वाचार हात. सगळ्याला ४ ने गुणा: ८-१५-१७.

बेरीज दिली की फरक काढायचा, फरक दिला की बेरीज. तिन्ही उदाहरणांत याशिवाय दुसरं काही नाही.

१०. जमिनीवर काटकोन काढा

गवंडी ज्याला ‘भिंत गुण्यात आहे’ म्हणतात, ते तपासायला प्रमेयाचा व्यत्यास उपयोगी पडतो: बाजू ३-४-५ प्रमाणात असतील तर कोन काटकोनच.

कोपऱ्यावर खुंटी ठोका. एका दोरीवर ३ मीटरवर खूण करा, दुसऱ्या दोरीवर ४ मीटरवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत दुसरी दोरी सरकवा. कमी आलं तर कोन लहान आहे, जास्त आलं तर मोठा. जमलं की दोन्ही दोऱ्यांखाली फक्की टाका.

त्रिकोण जमेल तेवढा मोठा घ्या, याबाबत काटकसर नको. ३-४-५ फुटांचा त्रिकोण घेतला आणि कर्ण मोजताना १ सेंटीमीटरची चूक झाली, तर १० मीटर लांबीच्या भिंतीचं टोक सुमारे १४ सेंटीमीटर सरकतं. तीच चूक ३-४-५ मीटरच्या त्रिकोणात झाली तर सुमारे ४ सेंटीमीटर. जागा असेल तर ६-८-१० मीटर घ्या.

३० × ४० फुटांचा प्लॉट असेल तर कर्ण बरोबर ५० फूट. इतर बहुतेक मापांना हे भाग्य नाही: २० × ३० चा कर्ण ३६ फूट आणि अर्ध्या इंचाच्या थोडा वर, ३० × ५० चा ५८ फूट आणि पावणेचार इंचांच्या आसपास. कोणताही आयत असो, समोरासमोरच्या बाजू मापात आल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले पाहिजेत.

टेपवर फूट-इंच मोजताना एक चूक सर्रास होते. ७.५ फूट म्हणजे ७ फूट ६ इंच, ७ फूट ५ इंच नव्हे. इंचांचा घोळ टाळायचा असेल तर सरळ मीटरमध्ये मोजा.

११. आणखी काही सापळे

तिन्ही संख्यांत सारखीच संख्या मिळवून नवं त्रिकूट होत नाही. ३-४-५ मध्ये १ मिळवून ४-५-६ केलं तर १६ + २५ = ४१, आणि ६² = ३६. गुणायचं, मिळवायचं नाही.

३-४-५ त्रिकोणाचे कोन ३०° आणि ६०° नसतात. ते साधारण ३६.८७° आणि ५३.१३° असतात. भौतिकशास्त्राच्या उदाहरणांत ३७° आणि ५३° घेतात ते म्हणूनच. कंपासपेटीतल्या दोन्ही गुण्यांपैकी एकाच्याही तिन्ही बाजू पूर्ण संख्येत येऊ शकत नाहीत: ४५° वाल्यात √२ येतो, ३०°-६०° वाल्यात √३. दोन बाजू समान असलेलं त्रिकूट नसतंच. जवळात जवळ जाणारी म्हणजे ३-४-५, २०-२१-२९, ११९-१२०-१६९ आणि ६९६-६९७-९८५.

१.५, २, २.५ या बाजूंचा त्रिकोण काटकोन आहे, पण त्रिकूट म्हणजे नैसर्गिक संख्या. ‘त्रिकूट आहे का’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’, ‘काटकोन त्रिकोण आहे का’ या प्रश्नाला ‘आहे’.

सरावासाठी

(अ) कर्ण ८९, एक बाजू ८०. दुसरी काढा.
(आ) काटकोन करणारी एक बाजू २४ असलेली सगळी त्रिकुटं काढा.
(इ) कर्ण ७७ असलेलं त्रिकूट आहे का?
(ई) (१६, ३०, ३४) हे मूळ त्रिकूट आहे का?

उत्तरं: (अ) ९ × १६९, म्हणून ३ × १३ = ३९. (आ) सात: ७-२४-२५, १०-२४-२६, १८-२४-३०, २४-३२-४०, २४-४५-५१, २४-७०-७४, २४-१४३-१४५. सहाच आली असतील तर १८ × ३२ ही जोडी पाहा, बहुतेक तीच राहून जाते. (इ) नाही: ७ आणि ११ दोघांनाही ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते. (ई) त्रिकूट आहे, पण मूळ नाही: ते ८-१५-१७ ची दुप्पट आहे.